‘दर्जा’ आणि ‘कारकुनी चूक’

तज्ज्ञ डॉक्टरांच्या संघटना सरकारशी बोलू लागल्या की दोन शब्द हटकून येतात. परिचारिका, आरोग्यसेविका, गावातली एखादी शिकवलेली बाई किंवा दुसऱ्या पॅथीचा पदवीधर त्यांच्या अंगणात पाऊल टाकू पाहतो तेव्हा पहिला शब्द येतो : ‘दर्जा’. कायदा त्यांच्याच दवाखान्याच्या दारात येऊन वही दाखवा म्हणतो तेव्हा दुसरा येतो : ‘कारकुनी चूक’. हे दोन शब्द एकाच तोंडातून, एकाच सभागृहातून, कधी कधी एकाच वर्षी निघतात. ते शेजारी ठेवून वाचण्याचा हा प्रयत्न आहे.

साहित्याच्या समीक्षेत आपण एक गोष्ट शिकलो. ‘अभिजात’, ‘विशुद्ध’, ‘कलात्मक’ हे शब्द कोण, कोणाला बाहेर ठेवण्यासाठी वापरतो हे विचारायला शिकलो. तीच नजर निवेदनांकडे, संपाच्या पत्रकांकडे आणि न्यायालयातील याचिकांकडे वळवायला हरकत नसावी. तेही लेखनच आहे. कवितेपेक्षा त्या लेखनाने आपल्या बायका अधिक जगतात किंवा मरतात.

हे मी बेलापुरातून लिहितो आहे. नव्या मुंबईचे नव्हे, प्रवरेकाठचे, श्रीरामपूर तालुक्यातले बेलापूर. आमच्या गावाची एक गंमत आहे. दौंड-मनमाड मार्गावर ‘बेलापूर’ नावाचे रेल्वे स्टेशन आहे, पण ते बेलापुरात नाही, श्रीरामपूर शहरात आहे. नाव आमचे, गाडी दुसरीकडे थांबते. ग्रामीण भागासाठी मंजूर केलेल्या तज्ज्ञ डॉक्टरांचेही असेच आहे. पद गावाच्या नावाने असते, माणूस शहरात थांबतो. केंद्र सरकारच्या २०२१-२२ च्या ग्रामीण आरोग्य आकडेवारीनुसार देशातील ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांना जेवढे शल्यचिकित्सक, प्रसूतितज्ज्ञ, फिजिशियन आणि बालरोगतज्ज्ञ लागतात, त्यांपैकी जवळजवळ ८० टक्के कमी होते. म्हणून आमच्या वस्तीच्या बोलीत एक इंग्रजी शब्द आता घरचा झाला आहे : ‘रेफर’. बाईला कळा सुरू झाल्या की सासू विचारते, “इथंच होईल का रेफर करतील?” रेफर म्हणजे गाडीभाडे, उसनवारी आणि अनोळखी शहर. दर्जाची चर्चा करताना हा शब्द सोबत ठेवावा.

आता पहिला शब्द. त्याचा इतिहास पाहिल्याशिवाय त्याचे वजन कळत नाही. ब्रिटिश काळात डॉक्टर दोन प्रकारचे होते : विद्यापीठाचे पदवीधर आणि मेडिकल स्कूलमधून चार वर्षांचा अभ्यासक्रम करून निघालेले परवानाधारक, म्हणजे लायसेन्शिएट. १९३३ च्या कायद्याने अखिल भारतीय मेडिकल कौन्सिल स्थापन झाले तेव्हा लायसेन्शिएट त्याच्या बाहेर ठेवले गेले. १९४६ साली भोर समितीचा अहवाल आला तेव्हा ब्रिटिश हिंदुस्थानात सुमारे ४७,५०० नोंदलेले डॉक्टर होते, आणि त्यांतले ३०,००० च्या आसपास लायसेन्शिएट होते. म्हणजे ज्यांच्यावर देश चालला होता तेच दुय्यम. समितीच्या बहुमताने ठरवले की यापुढे डॉक्टर एकाच प्रकारचा असेल, पदवीधर. समितीतल्या सहा सदस्यांनी वेगळे मत नोंदवले : डॉक्टरांचा एवढा तुटवडा असताना हा अभ्यासक्रम बंद करू नये. ते मत अहवालाच्या पानांत राहिले. पुण्याच्या बी. जे. मेडिकल स्कूलचे त्याच वर्षी कॉलेज झाले.

इथे आपल्यापैकी अनेकजण अडखळतात, आणि अडखळावे असाच हा प्रश्न आहे. कारण ‘एकच दर्जा’ ही घोषणा वरवर समतेची आहे. गावकुसाबाहेरच्या माणसाला वेगळा पाणवठा, वेगळी कपबशी, शाळेत वेगळी जागा दिली गेली. आता त्याला वेगळा, अर्धवट शिकलेला डॉक्टरही द्यायचा का? डॉक्टरांच्या संघटना हाच प्रश्न विचारतात आणि आपले कार्यकर्ते टाळ्या वाजवतात. २०१९ साली नॅशनल मेडिकल कमिशनच्या विधेयकातील कलम ३२ विरुद्ध इंडियन मेडिकल असोसिएशनने ३१ जुलैला देशभर संप केला तेव्हाही गरिबांच्या जिवाशी खेळ चालल्याचीच हाक होती. त्या कलमाने ‘सामुदायिक आरोग्य सेवक’ या नावाने मर्यादित परवाना देण्याची सोय केली होती.

प्रश्न खोटा नाही. पण तो विचारणाऱ्याने त्याचे दुसरे टोकही धरले पाहिजे. दुय्यम डॉक्टर नको म्हणणाऱ्याने पहिल्या दर्जाचा डॉक्टर पाठवायला हवा. १९४६ नंतर ऐंशीएक वर्षे होत आली. या काळात ‘एकच दर्जा’ शहरात पाळला गेला आणि खेड्यात त्याचा अर्थ ‘कोणीच नाही’ असा झाला. वेगळी कपबशी नको म्हणून चहाच बंद करावा, असे हे आहे. आणि ग्रामीण सेवेच्या बंधपत्राचा विषय निघाला की निवासस्थान, उपकरणे, संरक्षण नसल्याची तक्रार पुढे येते. त्या गैरसोयी खऱ्याच आहेत. पण ज्या गावात डॉक्टरला राहवत नाही त्या गावात बाळंतीण राहतेच आहे, हे तितक्याच आवाजात कोणत्या अधिवेशनात म्हटले जाते?

शिवाय ‘दर्जा’ कोणापासून वाचवायचा होता हेही पाहू. गावगाड्यात बाळंतपणाचे, नाळ कापण्याचे, वार पुरण्याचे काम अनेक ठिकाणी मांगिणीकडे होते. ते विटाळाचे काम होते म्हणून आमच्याकडे होते. ज्ञान म्हणून त्याला कोणी मान दिला नाही. मी लहानपणी आमच्या वस्तीत एका आजीला पाहिले आहे. पाटलाच्या वाड्यात तिला रात्री-अपरात्री बोलावणे यायचे, मागच्या दाराने आत नेले जायचे, आणि सकाळी तिच्या पदरात धान्य वरून टाकले जायचे. मूल तिच्या हातांत येई, सुपातले धान्य मात्र तिच्या हाताला न लागता पडे. पुढे हेच काम रबरी हातमोजे, शस्त्रक्रियागृह आणि फी यांच्यासह प्रतिष्ठेचे शास्त्र झाले. त्या शास्त्राने अनेक जीव वाचवले, यात शंका नाही. सुईणीच्या हातून मेलेल्या बायकाही मी ऐकून आहे. पण विटाळ होता तोवर हक्क आमचा, आणि पैसा व मान आला तेव्हा मक्तेदारी त्यांची, हा क्रम नोंदवायला हवा. तिला शिकवून वर घेण्याचे प्रयत्न झाले ते तुटक, आणि नेहमी ‘तात्पुरती सोय’ या सदरात.

आमच्या नगर जिल्ह्याला या विषयावर बोलण्याचा विशेष अधिकार आहे. १८५५ साली मुक्ता साळवे या मांग समाजातल्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी जो निबंध लिहिला तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापला गेला, आणि ‘ज्ञानोदय’ १८४२ साली सुरू झाले ते याच अहमदनगरला. त्या निबंधात आपल्या स्त्रिया बाळंत होतात तेव्हा डोक्यावर छप्परही नसते, हे दुःख तिने मांडले आहे. जोतिबा-सावित्रीबाईंच्या शाळेतल्या चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला बाळंतपण हा सामाजिक व्यवस्थेचा प्रश्न वाटला. दलित स्त्रीच्या आरोग्यावरचे मराठीतले हे पहिले निवेदन मानायला मी तयार आहे. त्यात ‘दर्जा’ शब्द नाही. छप्पर मागितले आहे.

आणि याच जिल्ह्यातून आलेले स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार पी. जे. रोहम यांनी १९३८ साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांच्या वतीने संततिनियमनाचा ठराव मांडला. ठराव पडला. पण स्त्रीच्या शरीरावर पडणारा बोजा हा कायदेमंडळाचा विषय आहे हे आपल्या पक्षाने तेव्हा सांगितले. त्याआधी १९२८ साली मुंबईच्याच कौन्सिलात बाबासाहेबांनी कामगार स्त्रियांच्या प्रसूती-भत्त्याच्या विधेयकाची बाजू घेतली होती. हा वारसा असताना आरोग्यधोरण ‘डॉक्टरांचा विषय’ म्हणून आपण सोडून दिले.

जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला जामखेड आहे. तिथे डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केले. गावोगावच्या निरक्षर, विधवा, परित्यक्ता, कितीतरी दलित बायका निवडल्या आणि त्यांना शिकवले : बाळंतपण, मुलांचे वजन, कुष्ठरोग आणि क्षय ओळखणे, पाणी. त्या दर आठवड्याला जामखेडला यायच्या, शिकायच्या आणि परत जाऊन गावाला शिकवायच्या. १९७९ साली आरोळ्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला आणि जगभरचे लोक जामखेड बघायला आले. मला त्यातली एक गोष्ट महत्त्वाची वाटते. या बायका ‘अर्ध्या डॉक्टर’ नव्हत्या. त्यांचे ज्ञान वेगळ्या ठिकाणी उभे होते : कोणत्या घरात सून उपाशी आहे, कोणत्या विहिरीवर कोणाला पाणी नाही, हे त्यांना माहीत होते. त्यांच्या मागे रुग्णालय होते, शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर होते. म्हणजे प्रश्न ‘डॉक्टर की बाई’ असा नव्हताच. तो ‘डॉक्टरने आपले ज्ञान खाली सोडायचे की नाही’ असा होता. आरोळे दांपत्याने सोडले; ते दोघे डॉक्टरच होते.

सरकारने २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात ‘आशा’ आणली ती अशाच कामांच्या धड्यावरून, पण तिला ना पगार ना पद, कामागणिक मोबदला. २०२३-२४ मध्ये महाराष्ट्रातल्या आशा रस्त्यावर उतरल्या तेव्हा कोणत्याही तज्ज्ञ संघटनेचा फलक मला त्यांच्या शेजारी दिसला नाही. दर्जाची एवढी काळजी असेल तर गावात दर्जा सांभाळणाऱ्या बाईच्या भाकरीची थोडी असावी.

डॉक्टर ज्ञान खाली सोडूच शकत नाहीत असेही नाही. स्त्रीरोग व प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थांचा अखिल भारतीय महासंघ, म्हणजे फॉग्सी, १९५० साली स्थापन झाला; मुख्यालय मुंबईत. याच फॉग्सीने सरकारबरोबर एमबीबीएस डॉक्टरांना तातडीच्या प्रसूतिसेवेचे, सिझेरियनसकट, प्रशिक्षण देण्याचा कार्यक्रम चालवला. काम चांगले होते. तज्ज्ञाशिवाय दुसऱ्या कोणाला सिझेरियन शिकवता येते हे त्यांनीच सिद्ध केले. मोझांबिकने तर १९८४ पासून डॉक्टर नसलेल्या वैद्यकीय तंत्रज्ञांना शस्त्रक्रिया शिकवली, आणि तिथल्या जिल्हा रुग्णालयांतली बहुसंख्य सिझेरियन त्यांच्याच हातून झाली. डॉक्टरांच्या हातच्या शस्त्रक्रियांशी तुलना झाली तेव्हा निकाल सारखेच निघाले. आपल्याकडे मात्र २०१४ साली गर्भपाताच्या कायद्यातील दुरुस्तीच्या मसुद्यात परिचारिका, आरोग्यसेविका आणि आयुष पदवीधरांना प्रशिक्षण देऊन गर्भपाताची परवानगी सुचवली गेली, तेव्हा डॉक्टरांच्या संघटनेने विरोध केला. २०२१ च्या दुरुस्तीत मुदत २४ आठवड्यांपर्यंत वाढली, पण करणारा हात तोच राहिला. गर्भपाताला कायद्याने १९७१ पासून मान्यता आहे, आणि खेड्यातली बाई अजून चोरून औषध आणते. तिच्या बाबतीत ‘दर्जा’ कोणी तपासला?

होमिओपॅथीच्या वादाबद्दल थोडक्यात. महाराष्ट्राने २०१४ साली एक वर्षाचा औषधशास्त्राचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथांना ॲलोपॅथीची औषधे देण्याची मुभा देणारी दुरुस्ती केली, डॉक्टरांची संघटना न्यायालयात गेली, आणि १८ सप्टेंबर २०२५ रोजी राज्यातील ॲलोपॅथी डॉक्टरांनी एक दिवस काम बंद ठेवले. इथे माझे मत डॉक्टरांच्या बाजूने झुकते. सरकारने सरकारी पदे भरायची नाहीत, आणि खाजगी धंद्याला वाट मोकळी करून ‘ग्रामीण जनतेची सोय’ म्हणायचे, ही पळवाट आहे. जामखेडमध्ये मागे रुग्णालय होते. इथे मागे काही नाही. पण याच संघटनांनी प्रत्येक पर्याय नाकारत आणल्यामुळे त्यांची खरी हरकतही आता धंद्याची वाटते, हे त्यांचेच देणे.

‘दर्जा’ या शब्दाची आणखी एक ओळख आपल्याला वेगळी करून द्यायला नको. १९८१ साली अहमदाबादच्या बी. जे. मेडिकल कॉलेजातून पदव्युत्तर राखीव जागांविरुद्ध आंदोलन सुरू झाले आणि गुजरातमधल्या दलित वस्त्यांवर हल्ले झाले, तेव्हा शब्द ‘गुणवत्ता’ होता. २००६ साली दिल्लीतल्या निवासी डॉक्टरांनी इतर मागासवर्गीयांच्या जागांविरुद्ध काम बंद केले, तेव्हाही तोच. २००७ साली थोरात समितीने एम्समध्ये अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांशी कसा भेदभाव होतो ते लिहून दिले. आणि २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने अतिविशेष शाखांच्या अध्यापकपदांत आरक्षण नको असा निर्णय दिला तो एम्सच्या अध्यापक संघटनेच्याच खटल्यात. शाखा जितकी उंच तितकी आमच्यासाठी शिडी आखूड. मग तिथून धोरणासाठी जी निवेदने निघतात त्यांत आमची बाई कुठून येणार? वर बसलेल्यांनी तिला पाहिलेलीच असते ती टेबलावर, आडवी.

आता दुसरा शब्द.

१९८६ साली डॉ. संजीव कुलकर्णी यांनी मुंबईतल्या ५० स्त्रीरोगतज्ज्ञांची पाहणी केली. त्यांतले ४२ जण गर्भजल तपासून मुलगा की मुलगी हे सांगण्याचे काम करत होते. त्याआधीच मुंबईतल्या स्त्री संघटना, काही डॉक्टर आणि कार्यकर्ते यांचा मंच उभा राहिला होता. त्या रेट्यातून महाराष्ट्राने १९८८ साली देशातला पहिला कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. कायदा कागदावर राहिला म्हणून २००० साली सर्वोच्च न्यायालयात गेले ते मुंबईची ‘सेहत’, पुण्याची ‘मासूम’ आणि डॉ. साबू जॉर्ज. तज्ज्ञांच्या संघटनांनी ठराव केले, शपथा घेतल्या, मुली वाचवण्याच्या पदयात्रा काढल्या. पण स्वतःच्या सभासदाविरुद्ध वही घेऊन न्यायालयात जाण्याचे काम बाहेरच्यांवर पडले. दरम्यान महाराष्ट्रात शून्य ते सहा वयोगटात दर हजार मुलग्यांमागे १९९१ मध्ये ९४६ मुली होत्या, त्या २००१ मध्ये ९१३ आणि २०११ मध्ये ८९४ झाल्या. ऊस आणि कालव्याच्या सुबत्तेचे आमचे तालुके यात मागे नव्हते.

कायद्याचा कणा म्हणजे ‘एफ’ नमुना. प्रत्येक गरोदर बाईच्या सोनोग्राफीची नोंद : नाव, पत्ता, आधीची मुले किती व कोणती, तपासणी कशासाठी. शेवटी दोन प्रतिज्ञा असतात. बाई लिहून देते की मला गर्भाचे लिंग जाणून घ्यायचे नाही. डॉक्टर लिहून देतो की मी ते पाहिले नाही आणि सांगितले नाही. बाईला सही येत नसेल तर अंगठा. बंद खोलीत यंत्राच्या पडद्यावर काय दिसले याचा साक्षीदार नसतो, म्हणून कायद्याने कागदाला साक्षीदार केले. नोंद अपुरी किंवा चुकीची असेल तर गुन्हा झाल्याचे गृहीत धरले जाते. तसे नाही हे डॉक्टरने सिद्ध करायचे. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. आरोप निश्चित झाला की वैद्यकीय परिषद परवाना निलंबित करू शकते.

याविरुद्ध १ सप्टेंबर २०१६ रोजी क्ष-किरणतज्ज्ञांच्या संघटनेने देशभर सोनोग्राफी बंद ठेवली. फॉग्सी सर्वोच्च न्यायालयात गेली. म्हणणे असे : कागदपत्रांतल्या बारीकसारीक चुका, राहिलेली तारीख, न भरलेला रकाना, हे कारकुनी दोष आहेत, त्यांना लिंगनिदानाच्या गुन्ह्याच्या रांगेत बसवून डॉक्टरला गुन्हेगार करू नका. ३ मे २०१९ रोजी न्यायालयाने याचिका फेटाळली. निकालाचा गाभा एवढाच की नोंद न ठेवणे ही कारकुनी चूक नव्हे, ती गर्भलिंगनिदानाकडे जाणारी पायरी आहे.

डॉक्टरांची तक्रार सगळी खोटी होती असे मी म्हणणार नाही. तपासणीच्या नावाने हप्ता मागणारे अधिकारी आहेत. वही जप्त करून महिनोन्महिने यंत्राला सील ठोकून ठेवणारे आहेत. खरा अपराधी पैसे देऊन सुटतो आणि तालुक्याच्या ठिकाणचा सरळ डॉक्टर अडकतो, असेही घडते. पण त्यावर उपाय अधिकाऱ्याला जाब विचारण्याचा आहे. संघटनेने मागितले ते कायद्याचा कणा काढण्याचे.

आणि ‘कारकुनी चूक’ हा शब्द आम्हाला ऐकवू नये. जात पडताळणी समितीच्या दारात उभे राहून पाहावे. आजोबांच्या शाळेच्या दाखल्यावर ‘महार’ऐवजी ‘म्हार’ लिहिलेले असते, आडनावातली एक वेलांटी पुढेमागे असते, जन्मतारखेचा आकडा पुसट असतो. लिहिणारा गुरुजी दुसरा, चूक त्याची, आणि मुलाचा वैद्यकीय प्रवेश टांगणीला. पुरावा कोणी द्यायचा? कायद्याने, अर्जदाराने. रेशनकार्डावरच्या एका नावासाठी म्हातारी तहसीलला पाच खेपा घालते. आमच्या आयुष्यात कारकुनी चूक नावाची वस्तूच नाही. जी चूक असते ती गुन्हा असते, आणि ती आमची असते. या देशात कागदाचे ओझे कोणाच्या खांद्यावर किती ठेवायचे याचीही उतरंड आहे. एक रकाना भरण्याचा आग्रह झाला की जो वर्ग त्याला छळ म्हणतो, तोच आशाबाईकडून डझनभर नोंदवह्या कोऱ्या न ठेवता मागतो.

हे केवळ या एका कायद्यापुरते नाही. डॉक्टरांची सेवा ग्राहक कायद्याखाली येते की नाही, हा खटला १९९५ साली सर्वोच्च न्यायालयात लढवला तो इंडियन मेडिकल असोसिएशननेच, आणि हरली. गमतीचा भाग असा की त्या निकालाने पैसे देणारा रुग्ण ग्राहक ठरला; सर्वांना मोफत सेवा देणाऱ्या सरकारी रुग्णालयातला आमचा माणूस ग्राहकही ठरला नाही. त्याच्यासाठी याचिका कोण करणार? २०१० च्या केंद्रीय वैद्यकीय आस्थापना कायद्यालाही संघटनांचा विरोध राहिला आणि महाराष्ट्राने तो स्वीकारला नाही.

मग संघटना आपल्या सभासदांच्या खिशाविरुद्ध कधी उभ्याच राहिल्या नाहीत का? राहिल्या. बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९९० च्या दशकात बाळाच्या डब्याच्या दुधाच्या कंपन्यांचा पैसा आपल्या अधिवेशनांना न घेण्याचा निर्णय केला. १९९२ च्या, डब्याच्या दुधाच्या जाहिरातींवर बंदी घालणाऱ्या कायद्याच्या बाजूला मुंबईचे काही बालरोगतज्ज्ञ उभे होते. मला हे उदाहरण मुद्दाम द्यावेसे वाटते, कारण ‘डॉक्टर म्हणजे लुटारू’ ही घोषणा आपल्या चळवळीत स्वस्त झाली आहे. तिने काही होत नाही. एखादी संघटना काय करू शकते हे माहीत असले तरच तिने काय केले नाही हे विचारता येते.

काय केले नाही ते आमच्या फडात दिसते. दरवर्षी दिवाळीनंतर बीडकडून बैलगाड्या आणि ट्रक आमच्या भागातल्या कारखान्यांवर उतरतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेलापूर कंपनीने हरेगावला साखर काढली तेव्हापासून ऊस या मातीचा राजा आहे. २०१९ साली राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीसमोर बीड जिल्ह्यातल्या सुमारे ८२,००० ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीचे आकडे आले. त्यांत १३,००० हून अधिक बायकांची गर्भाशये काढलेली होती. पाळीच्या दिवशी खाडा पडला तर मुकादम दंड कापतो. डॉक्टर कर्करोगाची भीती घालतो. बाई तिशी-पस्तिशीत रिकामी होऊन पुन्हा कोयता उचलते. ही शस्त्रक्रिया परिचारिका करत नव्हती, सुईण करत नव्हती. इथे ‘दर्जा’ आपल्या पूर्ण पदवीनिशी हजर होता. या बायकांसाठी एका दिवसाचा संप झाल्याचे ऐकिवात नाही. अनावश्यक शस्त्रक्रियांबाबतची मार्गदर्शक तत्त्वे राज्यांनी तीन महिन्यांत लागू करावीत असे सर्वोच्च न्यायालयाने ५ एप्रिल २०२३ रोजी सांगितले तेही एका जनहित याचिकेवर.

हे वाचून आपल्यातले डॉक्टर म्हणतील, आम्हाला कशाला यात ओढता? ओढावेच लागेल. अमेरिकेत गोऱ्या डॉक्टरांची असोसिएशन स्थानिक शाखांच्या वर्णभेदाकडे डोळेझाक करून काळ्या डॉक्टरांना बाहेर ठेवत आली. काळ्या डॉक्टरांनी १८९५ साली आपली नॅशनल मेडिकल असोसिएशन काढली. १९६० च्या दशकात वृद्धांसाठी सरकारी आरोग्यविम्याचा, मेडिकेअरचा, प्रश्न आला तेव्हा मोठ्या असोसिएशनने ‘समाजवादी वैद्यक’ म्हणून रान उठवले, आणि काळ्या डॉक्टरांच्या संघटनेने कायद्याला पाठिंबा दिला. तीच पदवी, तोच धंदा, पण भूमिका उलट. कारण कोणता रुग्ण दारात उभा आहे हे त्यांना घरातून माहीत होते. मोठ्या असोसिएशनने माफी मागितली ती २००८ साली.

आपली मुले आज डॉक्टर झाली आहेत. आमच्या शेजारी लोणीलाच १९८४ पासून ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. सरकारी महाविद्यालयांतून राखीव जागेवर शिकून तज्ज्ञ झालेली पोरे-पोरी नगरला, नाशिकला, पुण्याला दवाखाने चालवतात. त्यातले बहुतेक आपापल्या शाखेच्या संघटनेचे सभासद आहेत, वर्गणी भरतात, अधिवेशनाला जातात. २०१६ च्या संपाला आणि २०१९ च्या संपाला सारखेच दार बंद करतील इतके ते शिस्तीचे झाले आहेत. आडनाव सांभाळून राहावे लागते हे मी जाणतो. २०१९ साली मुंबईत स्त्रीरोगशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण घेणारी आदिवासी मुलगी पायल तडवी गेली, ती का गेली याचा खटला अजून आपल्यासमोर आहे. पण संघटनेच्या निवेदनावर सही करताना, त्यात ‘रुग्णहित’ हा शब्द कोणाच्या वतीने वापरला आहे एवढे सभेत उठून विचारायला किती धैर्य लागते? बाबासाहेबांनी १९५६ साली आग्र्याला शिकलेल्या वर्गाविषयी जी खंत बोलून दाखवली ती दवाखान्यांनाही लागू आहे.

साताऱ्याच्या दलित महिला विकास मंडळाने, ॲड. वर्षा देशपांडे यांच्या ‘लेक लाडकी अभियाना’तून, लिंगनिदान करणाऱ्या डॉक्टरांवर बनावट ग्राहक पाठवून कितीतरी खटले उभे केले. २०२५ साली संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या पुरस्कार देशपांडे यांना मिळाला. त्या खटल्यांतली ग्राहक खरीखुरी गरोदर बाई असावी लागते. पोटातले मूल घेऊन ती त्या खोलीत जाते, टेबलावर झोपते, खुणेच्या नोटा देते, बाहेर पंच थांबलेले असतात. मग मूल जन्मते, चालू लागते, शाळेत जाऊ लागते, आणि तिला साक्षीसाठी समन्स येत राहते. समोर नामांकित वकील असतो आणि तो तिला विचारतो, तारीख नक्की आठवते का, वार कोणता होता, फॉर्मवरचा अंगठा तुमचाच कशावरून. ती त्या दिवसाची मजुरी बुडवून आलेली असते.